भिकाजी गावसची गणती

पेडणे तालुक्याच्या मातीने रणधुरंधर सेनानी जन्माला घातले आहेत, असे आमच्याकडे दर सव्वीस जानेवारीला कोणीतरी सांगते. मला त्यांतला एकच माहीत होता. त्याच्या हाताखाली अकरा माणसे होती, तीही एका दिवसापुरती, आणि ती त्याला मिळाली कारण वरचे सगळे त्या दिवशी सकाळीच मेले होते.

भिकाजी गावस, गाव इब्रामपूर. लढला तेव्हा फौजेत नाईक होता, निवृत्त झाला तेव्हा हवालदार. गावात आल्यावर लोकांनी त्याला सुभेदार केले आणि पुढे एका पंचायत निवडणुकीच्या प्रचारपत्रकात तो मेजर झाला. सैन्याने इतक्या वर्षांत दिली नाही तेवढी बढती गावाने फुकट दिली. त्याने ती मागितली नव्हती, आणि नाकारायचा त्याला कंटाळा होता.

पाळी गावच्या एका खाणीवर आम्ही अकरा वर्षे एकत्र होतो. मी वजनकाट्यावर कारकून, तो पहाऱ्यावर. मला तो 'काटेकार' म्हणायचा. सकाळी पदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, पाव चहात बुडवून खायचा, आणि खाताना फाटकातून आत येणारी माणसे मोजायचा. ट्रक मोजणे हे माझे काम होते. माणसे मोजायला त्याला कोणी सांगितले नव्हते. पाळी सुटताना तो फाटकावर उभा राहायचा आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत हलायचा नाही. एकदा एक कमी भरला. सगळे म्हणाले, तो दुपारीच घरी गेला असेल. भिकाजीने पंपाचा खड्डा, कार्यशाळा, सगळे धुंडाळले, आणि तो माणूस डंपरच्या सावलीत गाढ झोपलेला सापडला. डंपर निघायच्या बेतात होता. माणसाने आभार मानायच्या आधी भिकाजीने त्याला दोन थोबाडीत दिल्या.

"आमच्या घरात कोंबडी नाय गावली तरी चौकशी बसता," असे त्याची बायको, आमची शेवंतीवहिनी, सांगायची.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती काय हे त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाला माहीत होते. कारापूरच्या सोमा मळीकने एकदा, आपल्या तोंडाने, म्हणावे की भिकाजी, तुझी चूक नव्हती. सोमा त्याच्याच पलटणीतला साधा शिपाई. डावा पाय गुडघ्याखाली नाही. कारापूरला बाजारात त्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. भिकाजी दर चतुर्थीनंतर त्याच्याकडे जायचा, नारळ द्यायचा, दोघे भांडायचे, आणि भिकाजी हवे ते न घेता परत यायचा. मी तीन-चार वेळा त्याच्याबरोबर गेलो आहे. भांडण दर वर्षी तेच असे.

"तू दोनदाच हाक मारलंस," सोमा म्हणायचा.

"तिसरी मारलंय मां?"

"पाऊण तासान."

यावर भिकाजी दुकानातल्या सायकली मोजू लागे.

त्या पाऊण तासाची हकिगत मला एकदम कळली नाही. तुकड्यातुकड्याने कळली. पण त्याआधी मी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी काम करताना पाहिले आहे, ते सांगतो, कारण ऐकलेल्या शौर्यावर माझा फारसा विश्वास नाही.

पाळीच्या वळणावर आमच्याकडे येणाऱ्या एका ट्रकने मोटारसायकलवाल्याला चिरडले. गावातला तरुण माणूस, महिन्यापूर्वी लग्न झालेले. ट्रकचालक गणपत, दोडामार्गकडचा. तो ट्रक टाकून पळत आमच्या काट्याच्या खोलीत शिरला आणि माझ्या टेबलाखाली बसला. थोड्या वेळाने मीही त्याच्या शेजारी बसलो. बाहेर शंभर-सव्वाशे माणसे. त्यांनी आधी चार ट्रकांच्या काचा फोडल्या, मग एक पेटवला. जनेलाच्या काचा फोडून दगड आले. गणपतच्या कानाला काच लागून अर्धा कान लोंबत होता, आणि तो मला पुन्हापुन्हा विचारत होता, "जाळतलत काय ओ माका?" मला खोटे बोलता येत नव्हते, म्हणून मी त्याच्या कानावर रुमाल दाबून धरला.

दारात भिकाजी उभा होता. हातात वेताची छडी, बस्स. त्याने भाषण केले नाही, हातही जोडले नाहीत. तो मोजू लागला. छडीचे टोक एकेकाकडे करून, मोठ्याने, नावासकट. "एक, उल्हास. दोन, उल्हासाचो भाव. तीन, पोस्टातलो. चार, तुका वळखतंय, तू फोंडू सुताराचो जावंय." रोज फाटकात माणसे मोजणाऱ्याला सगळी तोंडे पाठ होती. सातव्या आकड्याला एकाने लोखंडी सळई त्याच्या बरगडीत घातली. मला तो आवाज आत ऐकू आला. भिकाजी गुडघ्यावर बसला, आणि तिथूनच म्हणाला, "सात, सळईवालो." दुसऱ्या दगडाने कपाळ फुटले. डोळ्यात रक्त उतरले तेव्हा त्याने दुसऱ्या डोळ्याने मोजले. विशीच्या पुढे गेल्यावर पुढच्या रांगेतले मागे सरकू लागले, आणि मागचे त्यांना पुढे ढकलेनात. गणतीत यायला कोणालाच आवडत नाही. तेवीसवर पोलीस आले.

त्याच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. साखळी गावच्या दवाखान्यात मी त्याला म्हटले, "हवालदार, मोठे धैर्य दाखवलेत."

"धैर्य खंयचां," तो म्हणाला. "मागे दुसरां दार नव्हतां."

तिथे, औषधाच्या गुंगीत, त्याने मला पहिल्यांदा दुसऱ्या एका घराची गोष्ट सांगितली. त्यालाही मागे दार नव्हते.

श्रीलंकेत तेव्हा एकाच देशातली माणसे एकमेकांना मारत होती, आणि आपले सैन्य शांतता राखायला गेले होते. शांतता राखणाऱ्याची अडचण अशी असते की त्याच्यावर गोळी झाडायला दोन्ही बाजू मोकळ्या असतात. भिकाजीची तीस जणांची तुकडी सकाळी एका गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची कुंपणे, लाल वाळूचा रस्ता. वाटेतल्या लहान पुलाखाली सुरुंग होता. कप्तान आणि सुभेदार जागच्या जागी गेले. कप्तानाचा हात कुंपणावर अडकला होता आणि मनगटावरचे घड्याळ चालू होते, हे भिकाजीला आठवत होते. मग दोन्ही बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. वायरलेसवाला यंत्रासकट पडला. दहा मिनिटांत सतरा माणसे वाळूत पडली होती. उरलेली तेरा एका घराच्या कुंपणाच्या भिंतीआड शिरली.

त्या तेरांत एक हवालदार होता, भिकाजीला वरचा. पण गोळीने त्याचा खालचा जबडा नेला होता. तो शुद्धीत होता, डोळे उघडे, आणि हुकूम द्यायला तोंड नव्हते. त्याने हाताने भिकाजीकडे बोट केले, मग बाकीच्यांकडे गोल फिरवले. हा माझ्या माहितीतला सेनापतिपदाचा सर्वांत लहान समारंभ. त्यानंतर हवालदार भिंतीला टेकून बसला आणि तासाभरात मेला.

घर अगदी इब्रामपूरसारखे होते, भिकाजी सांगायचा. मंगळुरी कौले, अंगणात विहीर, विहिरीपाशी सिमेंटची टाकी, मागे केळी आणि कोपऱ्यात गोठा. माणसे पळून गेली होती. चुलीवर भात अर्धा शिजलेला. बंडखोर भिंतीवरून हातगोळे टाकत होते. एक अंगणात फुटला आणि दोघे गेले; त्यांतल्या एकाचे आतडे विहिरीच्या काठावर पडले होते, आणि पाणी काढायला जाणाऱ्याला ते ओलांडून जावे लागत होते. काही वेळाने लोक ते न बघता ओलांडू लागले. गोळ्या प्रत्येकी आठ-नऊ उरल्या होत्या. मदत येणार असती तर एव्हाना आली असती.

एकाने विचारले, "शरण जाऊया काय?"

"कोणाक?" भिकाजी म्हणाला. "दिसता काय कोण?"

त्याने जे केले ते रणनीतीच्या कोणत्या पुस्तकात असेल असे मला वाटत नाही. तो शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने पाहिले की टाकीच्या बुडाला भोक आहे, भोकापासून पाट निघाला आहे आणि पाट भिंतीखालून केळीत गेला आहे. ज्या अर्थी पाट आहे त्या अर्थी खाली शेत आहे, आणि शेत आहे तिथे उतार आहे. उताराच्या टोकाला, अर्ध्या मैलावर, मुख्य रस्ता आपल्या दुसऱ्या तुकडीच्या ताब्यात होता. त्याने संगिनीने भिंतीखालची माती उकरायला लावली. दोघा जखमींना घरातल्या सतरंजीवर घेतले. प्रत्येकाला सांगितले की तुझ्या मागचा माणूस तुझा. तो थांबला तर तू थांब. आणि शेवटी स्वतः उभा राहून गणती घेतली. आठ. स्वतः नववा. यात सोमा असायला हवा होता, पण नव्हता.

सोमाला त्याने गोठ्यात बसवले होते, मागची बाजू राखायला. थोड्याच वेळापूर्वी गोठ्यावर गोळा पडून छप्पर खाली आले होते. भिकाजीने हाक मारली, "सोम्या!" आवाजावर ताडांतून फैर आली आणि त्याच्या शेजारच्या माणसाच्या खांद्याचा लचका गेला. त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा फैर. गोठ्यातून काही नाही. त्याच्यामागे आठ माणसे वाट पाहत होती, त्यांतली तीन रक्ताने भिजलेली. सोमा मेला असे त्याने ठरवले आणि माणसे पाटात उतरवली.

ती पोटावर सरपटत निघाली. केळीच्या टोकाला, जिथे पाट शेतात उतरतो तिथे, त्याने पुन्हा गणती घेतली. सतरंजीवरचा एक जखमी, सावंतवाडीकडचा राणे, डोळे मिटून पडला होता. तो तसाच म्हणाला, "बारा वाजले हत. सोम्या दोन हाकांक ओ दिवचो नाय."

हे कोकणाबाहेरच्या माणसाला समजावणे कठीण आहे. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात की भर दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला कोणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. भूत दोनदाच हाक मारू शकते. तिसरी हाक माणसाची. राणेने ते थट्टेत म्हटले असेल. पोटात गोळी असताना माणूस थट्टा कशी करतो ते मला माहीत नाही. पण भिकाजी जागच्या जागी थांबला. त्याने दोनदाच हाक मारली होती.

त्याने बाकीच्यांना लान्सनाईकाच्या हवाली करून पुढे पाठवले आणि एकटा पाटातून मागे फिरला.

तो भिंतीखालून आत आला तेव्हा अंगणात दोघे बंडखोर होते. मेलेल्यांच्या बंदुका गोळा करत होते. एकाला त्याने पाठीतून गोळी घातली. दुसरा वळला तेव्हा भिकाजीची बंदूक अडकली. दोघे टाकीपाशी भिडले आणि टाकीत पडले. पाणी गुडघाभर होते. भिकाजीने त्याचे डोके पाण्याखाली धरले. त्या माणसाने त्याचा अंगठा हाडापर्यंत चावला, आणि दात नंतरही सुटेनात. तो वाकडा अंगठा मी अकरा वर्षे पाहत होतो. खाणीवर तो सांगायचा की कोयती लागली.

मी त्याला विचारले, "किती वेळ धरून ठेवलात?"

"जितको लागता तितको."

त्यानंतर आयुष्यभर तो टाकीच्या किंवा बादलीच्या पाण्याने आंघोळ करत नसे; नळाखाली बसायचा.

मग तो गोठ्याकडे गेला, कौले उपसू लागला, आणि उपसता उपसता त्याने तिसरी हाक मारली.

"ओ," आतून सोमा म्हणाला. आणि तोंडावरचे कौल निघाल्यावर म्हणाला, "इतको वेळ खंय होतंस?"

त्याचा पाय तुळईखाली चेंगरला होता. भिकाजीने तुळई उचलायचा प्रयत्न केला, ती उठेना, म्हणून त्याने सोमाला काखेत धरून ओढून काढला. पायाचा काही भाग तुळईखालीच राहिला. कमरेच्या पट्ट्याने मांडी आवळली आणि कॉलर धरून त्याला पाटातून ओढत नेले. शेतात त्यांच्यावर गोळ्या आल्या; एक भिकाजीच्या पाणपिशवीला लागली. रस्त्यावर पोचल्यावर त्याने आधी गणती घेतली. दहा. मग तो ओकला.

चौकशीत एका साहेबाने त्याला दोन प्रश्न विचारले. दोन हाकांवर माणूस मेला असे कशावरून ठरवले? आणि मेला असे ठरवल्यावर परत कशासाठी गेलात? साहेब उत्तरेकडचे होते. बारा वाजताच्या भुताची गोष्ट त्यांना हिंदीत सांगणे भिकाजीला जमण्यासारखे नव्हते. त्याने लिहून दिले: गणती चुकली. पदक कप्तानाला मिळाले, मरणोत्तर. भिकाजीला त्याचे वाईट वाटले नाही. "कप्तान बरो माणूस होतो," तो म्हणायचा. "मोजून गोळ्ये वाटायचो."

तेव्हापासून तो कोणालाही तीनदा हाक मारायचा. मी समोर बसून पहिल्याच हाकेला "काय हवालदार?" म्हटले तरी उरलेल्या दोन मारायचा, आणि मगच कामाचे बोलायचा.

खाणी बंद झाल्या, आम्ही घरी बसलो. काही वर्षांनी इब्रामपूरच्या लोकांनी ठरवले की गावाच्या तोंडाशी भिकाजीच्या नावाची कमान उभारायची. पायाभरणीला मांडव, पाहुणे, फेटे. भिकाजीला फेटा घातला तेव्हा तो पूर्वीपेक्षा लहान दिसू लागला. त्याला साखरेचा आजार जडला होता आणि डोळे खोल गेले होते. सोमाला मंचावर बोलावले नव्हते. तो दुसऱ्या रांगेत कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसला होता, शेजारी सून. मी त्यांच्या मागे.

प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केले. त्यांना युद्ध कोणत्या देशात झाले हे दोनदा बदलावे लागले. शेवटी आवाज चढवून ते म्हणाले, "या नरवीराने आपल्या एकाही जवानाला मागे सोडले नाही."

भिकाजी उभा राहिला. त्याच्या बोलण्याची वेळ नव्हती.

"एकाक सोडून इललंय," तो म्हणाला. "जितो होतो तो. तो थंय बसलोहा."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. सगळा मांडव वळून सोमाकडे पाहू लागला. सुनेने वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितले. सोमा कपाळाला आठ्या घालून बसला. मला वाटले तो नेहमीचेच बोलणार. त्याने कुबडी लावली, उठला, कोणीतरी त्याच्या तोंडापुढे मायक धरला.

"दोन हाका मारल्यान तेना," सोमा म्हणाला. "मी ओ दिलंय नाय. तेना थांबान काय करूचां? थांबलो असतो तर सगळेच मेले असते. चूक माझी. तेची नाय." मग मायक दूर सारून मायकवाल्याला, "व्हर आता हो."

भिकाजी खाली बसला. त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. बाकीचा कार्यक्रम चालू असताना तो तसाच बसला होता, समोर लोक होते, आणि अकरा वर्षांच्या अनुभवावरून मी सांगतो, तो कोणालाही मोजत नव्हता. मी त्याला पाहिले ते तेच शेवटचे. दोन महिन्यांनी तो वारला. कमान झाली, उंची कमी पडल्यामुळे चिऱ्यांच्या ट्रकने ती पहिल्याच हंगामात पाडली.

बारावे झाल्यावर मी कारापूरला सोमाकडे गेलो. कानाची यंत्रे देणारे शिबिर येणार होते आणि त्याला अर्ज भरून हवा होता. तो कमी ऐकतो हे सगळ्यांना माहीत होते. आम्ही ते वयावर घातले होते. अर्जाला जोडायला त्याने फौजेच्या इस्पितळाचा जुना इंग्रजी कागद काढून दिला. त्याला तो वाचता येत नव्हता. मी वाचला. डाव्या पायाचे सगळे नीट लिहिले होते. त्याखाली एक ओळ होती: स्फोटाने दोन्ही कानांचे पडदे फाटलेले, दाखल करताना ऐकू येत नाही.

मी कागद खाली ठेवला आणि त्याच्या कानाशी ओरडून विचारले, "सोमा, तुला त्या दोन हाका ऐकू आल्या होत्या का?"

"नाय."

"मग दर वर्षी भांडत होतास ते?"

"दोन मारल्यान असां तोच सांगी होतो. माका काय म्हायत? भांडताना हातात कायतरी व्हयां."

"आणि तिसरी?"

"ती पण नाय," सोमा अर्जावर उठवायला अंगठ्याला शाई लावत म्हणाला. "कौल बाजूक झालां, उजेड इलो, तेचां तोंड दिसलां. म्हणान ओ म्हटलंय."